सोंगाला हसणाऱ्यांनो, जरा थांबा



आमच्या नात्यागोत्यात हल्ली एक वाक्य बरंच फिरतंय. लग्नात फिरतं, बारशाला फिरतं, मध्यंतरी एका तेराव्याच्या पंगतीतही कानावर आलं. "अण्णा पंचाहत्तरीला आले, तरी अजून कार्टून बघतात!" सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो, आणि मी जवळ आलो की आवाज थोडा खाली येतो. माझं सोडा. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेल्या माणसाची कातडी गेंड्याची होते. फळ्याकडे तोंड केलं तरी पाठीमागे कोण काय बोलतंय ते त्याला न वळता कळतं.

पण हेच हसू घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या वाट्याला येतं तेव्हा मात्र मला राग येतो. म्हणून आज जरा सविस्तर आणि जरा रागावूनच लिहितोय. नातेवाईकांनी वाचावं, ब्लॉगमित्रांनी पंच व्हावं.

विषय आहे जपानी चित्रपट आणि चित्रमालिका, ज्यांना पोरं 'अॅनिमे' म्हणतात. आणि त्यांच्या वेडापायी भरणारे मेळावे, जिथे पोरं आवडत्या पात्रांचे वेष करून जातात. आमच्या मंडळींचे यावर तीन आरोप आहेत. पहिला, हे लहान मुलांचं आहे, मोठ्यांनी बघणं म्हणजे बालिशपणा. दुसरा, हे परक्यांचं आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही. तिसरा, तोंडाला रंग फासून आणि निळे-हिरवे केस लावून मिरवणं ही माकडचेष्टा आहे.

उत्तर देण्याआधी हे बोलणारा माणूस कोण, ते सांगायला हवं. नाहीतर म्हणाल, अण्णांना नातीनं नादी लावलं. तसं नाही. नात जन्मायच्या कितीतरी आधीपासून मला हा नाद आहे.

१९९३ साल. मी मुरबाड तालुक्यातल्या एका हायस्कुलात होतो, भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. टीव्ही घरमालकांकडे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. घरमालकांच्या ओटीवर तीस-चाळीस पोरं आणि मागे दाराशी मी उभा. वारा आला की एक पोरगा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून बाकीचे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" ही मालिका जपानच्या निप्पॉन अॅनिमेशननं १९८९ साली काढली होती, ५२ भागांची. तिच्या हिंदी अवतारातलं शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, आणि शेरखानाचा आवाज कुणाचा? आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा! तो आवाज आला की ओटीवरची पोरं एकमेकांना चिकटून बसत.

एका सोमवारी मी आठवीला निबंध दिला, 'मला लांडग्यांनी वाढवलं असतं तर'. एरवी चार ओळींवर अडणाऱ्या ठाकरवाडीच्या एका पोरानं तीन पानं लिहिली. कुठल्या ओहोळाला मे महिन्यापर्यंत पाणी राहतं, कुठल्या झाडावर बिबट्या चढत नाही, भूक लागली तर कुठला कंद उकरायचा... सगळं त्याला ठाऊक होतं, पण शाळेनं ते त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं निमित्त एका जपानी चित्रमालिकेनं दिलं. मी त्या दिवसापासून या मंडळींचा चाहता.

पुढे २००४-०५ च्या सुमारास आमचा मुलगा ठाण्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा, तो मित्रांकडून सीडी आणायचा. त्यातून हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' पाहिला. २००१ चा चित्रपट, २००३ साली त्याला ऑस्कर मिळालं. मग एके रात्री इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला. काजव्यांची कबर. १९८८ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते, आणि चौदा वर्षांचा भाऊ चार वर्षांच्या बहिणीला घेऊन एका पडक्या आश्रयाला राहतो. खायला काही नाही. रात्री उजेड हवा म्हणून तो काजवे पकडून आणतो, आणि सकाळी ती मेलेल्या काजव्यांसाठी खड्डा खणते. ही कथा लिहिणारे अकियुकी नोसाका यांनी स्वतःची धाकटी बहीण युद्धातल्या उपासमारीत गमावली होती.

आमच्याकडे मृगाच्या तोंडावर झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. दरवर्षी बघतो. त्या रात्री सिनेमा संपल्यावर सौ. काही न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या वर्षी काजवे आले तेव्हा अंगणात आम्ही दोघंही गप्प बसलो होतो. आता मला सांगा, हे 'लहान मुलांचं कार्टून' काय?

तर पहिल्या आरोपाकडे येतो.

चित्र दिसलं की ते मुलांचं, ही समजूत आपल्याकडे कुठून आली कोण जाणे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांचे फोटो घेतले आणि 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. म्हणजे निर्जीव वस्तू पडद्यावर चालवण्याचा खटाटोप आपल्या मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वीच केलाय. त्याच्याही आधीपासून सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सांगत आलेत. एकामागून एक चित्र पुढे धरायचं, वीणा-टाळ वाजवायचे आणि रामायण-महाभारत सांगायचं. समोर देवळाच्या आवारात बसलेली माणसं काय बालवाडीतली होती? त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं बातमी एकमेकांना धाडली होती.

जपानातही असाच प्रकार होता, 'कामिशिबाई'. सायकलवर लाकडी चौकट बांधून माणूस गल्लीत यायचा, मुलांना गोळ्या विकायचा आणि चौकटीत एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. १९३० च्या दशकात हा धंदा जोरात होता. टीव्ही आला तशी ती कला मागे पडली. पण शिगेरू मिझुकींसारखे त्यातले काही चित्रकार चित्रकथांची पुस्तकं काढू लागले. त्यांचा वारसा पुढे वाढला. आपली चित्रकथी मात्र पिंगुळीत काही घरांनी जिवापाड सांभाळली म्हणून उरली. का? कारण आपण ठरवून टाकलं की शहाण्यांनी अक्षरं वाचायची आणि चित्रं पोरांनी बघायची.

केइजी नाकाझावा नावाचा मुलगा ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात होता, वय वर्षं सहा. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्या दिवशी गेले. मोठेपणी त्यानं ते सगळं चित्रांत काढलं, १९७३ पासून. 'बेअरफूट गेन' म्हणजे अनवाणी गेन. ओसामू तेझुका हे डॉक्टरकी शिकलेले गृहस्थ. १९६३ साली त्यांनी 'अॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणला आणि १९७२ पासून दहा-अकरा वर्षं खपून गौतम बुद्धाचं चरित्र चित्रांत काढलं. बुद्ध आपला, आणि त्याच्यावर हजारो पानं चित्रं काढणारा ओसाकाचा डॉक्टर! आपल्याकडे कुणी हे करायला घेतलं असतं तर घरच्यांनी आधी विचारलं असतं, "दवाखाना कधी टाकतोस?"

आता दुसरा आरोप, परकेपणाचा. हा मला सगळ्यात जास्त झोंबतो.

युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ साली रामायणाशी संबंधित उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले. रामायणात इतके गुंतले की त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचं त्यांनी ठरवलं. इकडे बातमीचा विपर्यास झाला आणि परक्यानं रामायणाला हात लावू नये म्हणून एका संघटनेचं निषेधाचं पत्र गेलं. साकोंनी येऊन समजूत घातली, पण सरकारी पातळीवर कुणी पुढे येईना. शेवटी चित्रपट जपानात तयार झाला. बरोबर आपले राम मोहन होते, ज्यांना भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हणतात. सुमारे ४५० कलावंत, जवळपास एक लाख हाती काढलेली चित्रं. संगीत वनराज भाटियांचं. हिंदीत रामाला आवाज अरुण गोविलांचा आणि रावणाला अमरीश पुरींचा. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला, आणि मग आपल्याकडे त्याला धड थिएटरं मिळाली नाहीत. पुढे टीव्हीवर पाहून एक पिढी त्याच्या प्रेमात पडली. २४ जानेवारी २०२५ ला तो नव्यानं देशभर लागला. मी नातीला घेऊन कल्याणला जाऊन पाहिला. साको २०१२ सालीच वारले होते. परक्याचं म्हणून अडवलेल्या त्या चित्रपटाला आज तेच लोक डोक्यावर घेतात. तीस वर्षं उशिरा.

उलट बाजूही सांगतो. जपानच्या नीगाता प्रांतात तोकामाची गावाजवळ, बर्फात बुडणाऱ्या डोंगरांत, एका जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे. तोकिओ हासेगावा नावाच्या माणसानं १९८२ साली ते उघडलं. तिथे मधुबनीबरोबर आपल्या वारल्यांची चित्रं आहेत. डहाणूकडचे वारली चित्रकार तिथे जाऊन राहिले, त्यांनी तिथे मोठमोठी चित्रं काढली. आता या हासेगावांना काय म्हणायचं? परक्या देशातल्या आदिवासींच्या भिंतीवरच्या चित्रांवर भाळलेला, त्यापायी आयुष्य घालवलेला माणूस. त्यांच्या नातेवाइकांनीही लग्नाकार्यात हसून घेतलं असेल!

जपानी माणूस आपल्या वारलीवर वेडा झाला की आपण भाषणात सांगतो, "बघा, आपली संस्कृती सातासमुद्रापार!" आणि आपलं पोर त्यांच्या चित्रावर वेडं झालं की नाक मुरडतो, "परक्यांचं खूळ." या दोन वाक्यांचा मेळ कसा बसवता, ते मला कुणीतरी समजावून सांगा. मी फळा पुसून, खडू हातात देऊन, मागच्या बाकावर बसतो.

आणि परकं म्हणजे तरी किती परकं? आश्रमशाळेतल्या पोरांना मी अधूनमधून गोष्टी सांगायला जातो. तिथे 'नारुटो' सगळ्यांना पाठ. मासाशी किशिमोतोंची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली. एका कातकरी मुलाला विचारलं, "तुला त्यातलं काय आवडतं रे?" मला वाटलं मारामारी म्हणेल. तो म्हणाला, "गुरुजी, त्याला पण गावातलं कोणी खेळायला घेत नव्हतं." आईबाप नसलेला, गावानं वाळीत टाकल्यासारखा वाढलेला तो पिवळ्या केसांचा मुलगा एके दिवशी गावाचा मुखिया होणार म्हणून हट्ट धरून बसतो. जपानातल्या चित्रकारानं काढलेली ही गोष्ट शहापूरच्या आश्रमशाळेतल्या पोराला स्वतःची वाटते. मी चौतीस वर्षं जी पाठ्यपुस्तकं शिकवली त्यात या पोराला स्वतःचा वाटावा असा नायक शोधायला फार पानं उलटावी लागत. परकं कोण, हे त्या पोराला विचारा.

तिसरा आरोप सोंगांचा. मुंबईला कॉमिक कॉन नावाचा मेळावा भरतो. दिल्लीत २०११ साली सुरू झाला, मग मुंबईतही. करोनाच्या आधी एका वर्षी तो गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात होता, तेव्हा नातीनं गळ घातली. आसनगावहून लोकलनं दादर, तिथून गाडी बदलून गोरेगाव. सौ.नं डबा दिला होता, तो दारातच खाऊन घेतला. आत गेलो आणि खरं सांगतो, मला म्हशाची जत्रा आठवली. मुरबाडजवळच्या म्हशाला पौष पौर्णिमेला जत्रा भरते, बैलबाजार, घोंगड्या, भांडीकुंडी, पाळणे, खाऊचे ढीग. इथे घोंगड्यांच्या जागी टी-शर्ट आणि भांड्यांच्या जागी बाहुल्या. गर्दी तीच, धूळ कमी, भाव जास्त.

आणि सोंगं! एका पोरानं अंगभर चिलखत घातलं होतं. मी विचारलं, लोखंड का? म्हणाला, "नाही आजोबा, फोमची चटई आहे." मग त्यानं खाली बसून मला सगळं दाखवलं. कागदावर आधी आकार काढायचे, फोम कापायचा, केस वाळवायच्या यंत्रानं गरम करून गुडघ्यावर वाकवायचा, गार होईपर्यंत धरून ठेवायचा, मग चिकटवून रंग द्यायचा. तीन महिने रात्री जागून केलेलं काम. पोरगा टिटवाळ्याचा, दिवसा कुरिअर कंपनीत. एका मुलीनं जपानी किमोनो आईच्या जुन्या साडीतून शिवला होता. काठ नेमके बाहीवर आणले होते. मी तिला म्हटलं, "बाळ, शिवण कुणी शिकवली?" तर म्हणाली, "आजीनं. पण आजीला सांगितलं नाही कशासाठी ते." हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

आता माकडचेष्टा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. होळीनंतरच्या दिवसांत, मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर एकेक सोंग येतं. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण... कागदाच्या लगद्याचे नाहीतर लाकडाचे भलेमोठे मुखवटे, रंगवलेले. काही गावांत कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं तेसुद्धा ठरलेलं. वर्षभर शेतात राबणारा माणूस त्या रात्री नरसिंह होतो. त्याला कुणी विचारतं का, "तुला काय वेड लागलंय?" तळकोकणात दशावतारी गावचा दुकानदार रात्री राजा होऊन तलवार परजतो, त्याला आपण लोककलावंत म्हणतो. आणि टिटवाळ्याचा कुरिअरवाला दोन दिवस योद्धा झाला की माकड?

बालगंधर्वांचं वेड घ्या. घरंदाज बायका त्यांच्या पदराची, अंबाड्याची, गजऱ्याची नक्कल करत. पुरुषाने केलेल्या स्त्रीवेषाची नक्कल स्त्रियांनी! ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा 'संयुक्त मानापमान' झाला, त्याच्या आठवणी माणसं जन्मभर सांगत राहिली. त्याला आपण 'रसिकता' म्हणतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचा मेळा भरवला, त्यातून साहित्य संमेलन उभं राहिलं. १९०५ पासून नाट्यसंमेलन आहे. पुस्तकवेडे आणि नाटकवेडे वर्षातून एकदा एकत्र जमतात, लेखकाची सही घेतात, पुस्तकं विकत घेतात, भांडतात, जेवतात आणि घरी जातात. या पोरांचंही हेच चालतं. तोक्योत २१ डिसेंबर १९७५ ला चित्रकथांच्या वाचकांनी असाच एक बाजार भरवला, 'कॉमिकेट'. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं, त्यात शाळकरी मुलीच जास्त. स्वतः काढलेल्या वह्या एकमेकांना विकायला जमलेली पोरं ती. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच बाजारात चार दिवसांत सात लाखांवर माणसं आली. आणि आवडत्या गोष्टीतला वेष करून संमेलनाला जाणं १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनातही झालं होतं. शब्द तेवढा जपान्यांनी नंतर दिला, 'कॉस्प्ले'. आपल्याकडे त्याला शब्द आधीपासून आहे. सोंग.

एवढं सगळं मी का उगाळत बसलोय, ते आता सांगतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी आहे. अकरावीत. नाव-गाव सांगत नाही. लहानपणापासून हात चांगला. इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेत 'ए' ग्रेड आली तेव्हा तिच्या बापानं मला पेढे आणून दिले होते, कारण दहावीला वाढीव गुण मिळणार होते. ती जपानी धाटणीची चित्रं काढायची. मोठे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस. दोन वर्षांत एक जाड वही भरली होती. कधीतरी मला दाखवायला आणायची. त्यात एका पानावर तिनं आपली आजी काढली होती, डोक्यावर करवंदांची पाटी, शहापूरच्या बाजाराच्या वाटेवर. त्याच जपानी धाटणीत. आजीचे डोळे मोठे, सुरकुत्या तीन-चार रेषांत, आणि मागे माहुलीचे सुळके. मी बराच वेळ बघत राहिलो. माहुली इतक्या कमी रेषांत काढलेली मी तरी पाहिली नव्हती.

सहामाहीत गणितात गुण कमी पडले. बापानं ती वही पाणी तापवायच्या चुलीत घातली. सगळी.

पोरगी माझ्याकडे आली ती रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "सर, तुम्ही आजीच्या पानाचा फोटो काढला होता ना?" काढला होता. फोनमध्ये होता. तो मी छापून आणून दिला. पण बाकीची पानं?

माझ्या विद्यार्थ्याला विचारलं तर म्हणाला, "सर, सगळे हसतात हो. कार्टून काढते म्हणतात. पाहुण्यांत मान खाली जाते." बघा मंडळी. वही त्यानं जाळली, पण काडी कुणी दिली? लग्नात, बारशाला, पंगतीत हसणाऱ्यांनी. "आजीला सांगितलं नाही कशासाठी ते" म्हणणारी गोरेगावची मुलगीही त्याच हसण्याला घाबरत होती. म्हणून म्हणतो, हे हसणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही.

आता दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. यातल्या काही मालिका रक्तबंबाळ आहेत, काही अचकट-विचकट आहेत, तेरा वर्षांच्या मुलानं बघू नयेत अशाही आहेत. पण कादंबऱ्यांतही सगळ्या प्रकारच्या असतात, म्हणून आपण वाचनालयं बंद केली का? निवड शिकवायची असते, आणि निवड शिकवायला आधी स्वतः बघावं लागतं. रात्रभर मोबाइल घेऊन जागणं वाईटच, मग त्यात अॅनिमे असो की क्रिकेट. बाहुल्या आणि टी-शर्टांच्या किमती अंगावर येतात, हेही खरं. आणि मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथल्या पोरानं मुंबईच्या मेळाव्याला जायचं तर तिकीट, गाडीभाडं, खाणं धरून हजार-दीड हजार सहज जातात. पाड्यावरच्या पोराला ते शक्य नाही. यावर बोला की! या रागात मी तुमच्या बरोबर आहे.

आणखी एक राग आहे, तो मराठीचा. साकोंचं रामायण २०२५ साली हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत लागलं. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला 'डेमन स्लेअर'चा नवा चित्रपट आला, जपानीबरोबर त्याच चार भाषांत. मराठी त्यात नव्हती. टीव्हीवर अधूनमधून मराठी आवाज ऐकू येतो, नाही असं नाही. पण थिएटरात नाही. तमिळ आणि तेलुगू लोकांनी काय केलं? ते हसत बसले नाहीत. त्यांच्या पोरांनी आणि मोठ्यांनी तिकिटं काढून बघितलं, मागणी दिसली, आवाज मिळाले. आपण पोरांना हसतो आणि मग तक्रार करतो की पोरं डोरेमॉन बघून हिंदी बोलतात. हिंदी बोलतील नाहीतर काय करतील? त्यांच्या आवडत्या गोष्टीला मराठी देणारं घरात कोणी आहे का?

मी माझ्यापुरता उपाय काढलाय. जपानात मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असे, त्याला 'बेन्शी' म्हणत. रविवारी दुपारी शेजारची आणि पाड्यावरची सात-आठ पोरं आमच्या ओटीवर येतात. मी टीव्हीचा आवाज बारीक करतो आणि मराठीत बोलतो. म्हातारीला म्हातारीचा आवाज, राक्षसाला राक्षसाचा. चुकलो की पोरं दुरुस्त करतात, "सर, तो असं नाही म्हणत!" मग मी म्हणतो, तू सांग मराठीत काय म्हणतो ते. आणि तो सांगतो. चौतीस वर्षांत भाषांतराचा इतका चांगला तास मला घ्यायला मिळाला नव्हता. सौ. म्हणते, तुमचं राक्षसाचं काम उत्तम होतं, सराव होता ना!

असो. नातेवाइकांना एवढंच सांगायचंय. माझ्यावर हवं तेवढं हसा, मला सवय आहे. पण घरातलं पोर चित्र काढत असेल, फोम कापत असेल, आजीच्या साडीतून काहीतरी शिवत असेल, तर हसण्याआधी जवळ जाऊन विचारा, हे कोण आहे आणि त्याची गोष्ट काय? अर्धा तास ऐका. आवडलं नाही तर तसं सांगा, वाद घाला. पोरांना वाद आवडतो. हसणं तेवढं आवरा.

आणि माझ्या त्या विद्यार्थ्याला, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे म्हणून: बाळा, तिच्यासाठी एक नवी वही आणून ठेवलीय. दोनशे पानी, जाड कागदाची, कोरी. मी देणार नाही, ती तूच द्यायची आहेस. रविवारी ये, चहा घेऊ.